भाड्याचा मेघ, मालकाची मर्जी

२० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशी. अभ्यंगस्नान आणि फराळ आटोपून महाराष्ट्रातील घरे विसावली होती. दुपारी बाराच्या सुमारास अमेरिकेच्या उत्तर व्हर्जिनियात, जिथे त्या वेळी पहाटेचा अंधार होता, ॲमेझॉन कंपनीच्या संगणक केंद्रांतील एक नोंद कोरी झाली. नोंद अगदी किरकोळ होती : अमुक सेवा कोणत्या पत्त्यावर सापडेल, एवढेच सांगणारी. एकच काम करणाऱ्या दोन स्वयंचलित यंत्रणा एकमेकींच्या वाटेत आल्या. एकीने जुनी योजना नव्यावर लादली, दुसरीने ती जुनी म्हणून पुसून टाकली आणि पत्ताच उरला नाही. एवढ्या कारणाने स्नॅपचॅट, सिग्नल, मुलांचे खेळ, इंग्लंडमधील बँका आणि करखात्याचे संकेतस्थळ अडखळले. सारे पूर्ववत होण्यास सुमारे पंधरा तास लागले.

ॲमेझॉनने रीतसर क्षमा मागितली आणि कारणांचा सविस्तर अहवालही प्रसिद्ध केला. तो प्रामाणिक आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्या पंधरा तासांत जगभरच्या हजारो सॉफ्टवेअर कंपन्यांतील तरुण अभियंते काय करीत होते? पडद्याकडे पाहत बसले होते! बिघाड त्यांच्या कामातला नव्हता आणि दुरुस्तीही त्यांच्या हाती नव्हती. ग्राहकांचे दूरध्वनी मात्र त्यांनाच येत होते. स्वतःच्या व्यवसायाच्या दाराबाहेर किल्लीवाल्याची वाट पाहत उभे राहणे, ही अवस्था आज लक्षावधी सुशिक्षित व्यावसायिकांनी आनंदाने स्वीकारली आहे. ती कशी स्वीकारली गेली आणि तीतून मार्ग कोणता, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

मेघ म्हणजे काय?

'क्लाउड' या शब्दात मोठी जादू आहे. मेघ म्हटला की तो सर्वांचा वाटतो, मुक्त वाटतो, आकाशातून आपोआप बरसणारा वाटतो. वस्तुस्थिती रूक्ष आहे. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या जागेत, दुसऱ्याच्या मालकीचा, तासावर किंवा मिनिटावर भाड्याने घेतलेला संगणक. ॲमेझॉनने २००६ साली साठवणुकीची आणि संगणनाची अशी भाडेसेवा सुरू केली. पुढे मायक्रोसॉफ्ट आणि गुगल त्याच मार्गाने आले. २०१५ साली मायक्रोसॉफ्टने पुण्यात, २०१६ साली ॲमेझॉनने मुंबईत आणि २०१७ साली गुगलने मुंबईतच आपली केंद्रे उघडली. म्हणजे हा 'मेघ' आपल्या उशाशीच आहे. मालकी मात्र सातासमुद्रापार आहे.

या सेवेचा लाभ खोटा नाही. पूर्वी चार मित्रांनी मिळून सॉफ्टवेअरचा उद्योग काढायचा म्हटले, की आधी यंत्रांसाठी काही लाख रुपये उभे करावे लागत. आज पहिल्या दिवशी शंभर आणि उत्सवाच्या दिवशी लाख ग्राहक आले, तरी त्याच प्रमाणात यंत्रे घेता येतात आणि गर्दी ओसरल्यावर सोडूनही देता येतात. नव्या उद्योजकाला हे वरदानच आहे. आक्षेप भाड्यावर नाही. या भाडेपट्ट्यातील प्रत्येक अट घरमालकाने लिहावी, भाडेकरूने न वाचता 'मान्य' म्हणून बोट दाबावे आणि या प्रकारालाच आधुनिकता म्हणावे, या मनोवृत्तीवर आक्षेप आहे. कोणी शंका काढली, की तिला मागासलेपण म्हणून हिणवणारे क्लाउडचे कीर्तनकार ठायी ठायी आहेत. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर आहे, तंत्रज्ञान हा त्याचा प्रांत नव्हे. तथापि करार वाचण्यासाठी अभियांत्रिकीची पदवी लागत नाही, आणि अनुभवाचे दाखले तर कोणालाही तपासता येतात.

चौदा दिवसांचा वनवास

पहिला दाखला सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांच्याच घरातला आहे. ऑस्ट्रेलियातील ॲटलासियन या कंपनीची 'जिरा' आणि 'कॉन्फ्लुअन्स' ही साधने पुणे-बंगळूरच्या कोणत्याही संगणक अभियंत्याला परिचित असतात. कोणी कोणते काम करावे, कोणता दोष कोणी दुरुस्त केला, याची सारी वहीच तेथे असते. ऑक्टोबर २०२० मध्ये या कंपनीने जाहीर केले, की ग्राहकांनी आपल्या यंत्रावर बसवायची 'सर्व्हर' आवृत्ती आता बंद होणार, क्लाउडवर या. ठरल्याप्रमाणे १५ फेब्रुवारी २०२४ रोजी त्या आवृत्तीचा आधार संपला. ज्यांना आपली वही आपल्या कपाटात ठेवायची होती, त्यांपैकी छोट्या ग्राहकांना परवडेल असा पर्याय उरला नाही.

या दोन तारखांच्या मधोमध, ५ एप्रिल २०२२ रोजी, त्याच क्लाउडवर काय घडले? एक जुने जोडसाधन काढून टाकण्यासाठी कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी एक आज्ञावली चालवली. तिला त्या साधनाचे क्रमांक द्यायचे होते, दिले गेले ग्राहकांच्या संपूर्ण जागांचे क्रमांक. शिवाय आज्ञा होती ती कायमचे पुसण्याची. अर्ध्या तासाच्या आत ७७५ ग्राहकांच्या ८८३ जागा नाहीशा झाल्या. कंपनीकडे प्रती होत्या. पण एखादा ग्राहक पूर्ववत करण्याची तयारी असली, तरी शेकडो ग्राहक एकाच वेळी झटपट पूर्ववत करण्याची नव्हती. शेवटचा ग्राहक १८ एप्रिलला मार्गी लागला. चौदा दिवस!

या प्रकरणातील सर्वांत बोचरी गोष्ट वेगळीच आहे. जागेबरोबर ग्राहकाच्या संपर्काची माहितीही पुसली गेली होती आणि तक्रार नोंदवण्यासाठी तीच माहिती लागत होती. म्हणजे घर पाडले गेले आणि तक्रार करायला गेलात, तर घराचा पत्ता दाखवा! कंपनीच्या तंत्रप्रमुखांचे जाहीर निवेदन यायला आठवडा गेला. संवाद अपुरा पडला, हे पुढे कंपनीनेच आपल्या अहवालात कबूल केले. आपली वही घरी ठेवू इच्छिणाऱ्याला 'आमच्याकडे अधिक सुरक्षित राहील' असे सांगणाऱ्यांनी हा अध्याय रोज एकदा वाचावा.

विश्वास पानिपतावर गेला

यावर कीर्तनकारांचे ठरलेले उत्तर असते : 'ही मध्यम आकाराची कंपनी, मोठ्यांकडे असे होत नाही.' ठीक आहे. मोठ्यांकडे वळू.

युनिसुपर हा ऑस्ट्रेलियातील निवृत्तिवेतन निधी. सहा लाखांहून अधिक सभासद, सुमारे १२५ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरची ठेव. मे २०२४ मध्ये गुगल क्लाउडवरील त्याचे संपूर्ण खासगी दालनच पुसले गेले. दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली व्यवस्था एकदम गेली, कारण पुसली गेली ती त्या दालनाची वर्गणीच. कारण काय? दालन उभारताना गुगलच्या माणसाने एका अंतर्गत साधनातील एक रकाना कोरा सोडला. कोऱ्या रकान्याचा अर्थ यंत्राने लावला : मुदत एक वर्ष. वर्ष भरले, दालन गेले. सभासदांना आठवडाभर आपल्या आयुष्यभराच्या पुंजीचा हिशेब पाहता येईना. गुगल क्लाउडच्या प्रमुखांना निधीच्या प्रमुखांबरोबर संयुक्त निवेदन काढून दिलगिरी व्यक्त करावी लागली. निधी तरला, त्याला मुख्य कारण त्याच्या व्यवस्थापकांची जुनी शिस्त. त्यांनी एक प्रत दुसऱ्याच पुरवठादाराकडे ठेवली होती. 'विश्वास तर पानिपतावर गेला' असे आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत.

दुसरा दाखला स्वदेशीचा आग्रह धरणाऱ्या आपल्या सर्वांना अंतर्मुख करणारा आहे. फ्रान्समधील ओव्हीएच ही युरोपची आपली, घरची क्लाउड कंपनी. अमेरिकेवर विसंबणे नको, म्हणून अनेकांनी तिला जवळ केले. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबर्ग येथील तिच्या केंद्राला आग लागली आणि पाच मजली इमारत भस्मसात झाली. कित्येक ग्राहकांची माहिती कायमची गेली. एका फ्रेंच ग्राहकाने प्रती ठेवण्याच्या सेवेचे वेगळे पैसे भरले होते. त्या प्रती कुठे होत्या? त्याच इमारतीत! लिल येथील व्यापारी न्यायालयाने २०२३ साली कंपनीला एक लाख युरोहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला. बोध स्पष्ट आहे. मालक आपल्या देशातला आहे एवढ्याने घर पक्के होत नाही. स्वदेशीचा आग्रह गुणवत्तेच्या आणि उत्तरदायित्वाच्या पायावर उभा राहिला तरच टिकतो. नुसत्या घोषणेने आग विझत नाही.

नऊ, नऊ आणि नऊ

आता कराराकडे. '९९.९ टक्के उपलब्धता' असे ठळक अक्षरांत छापलेले असते. गणित मांडा. वर्षाचे तास ८,७६०. त्यांचा हजारावा भाग म्हणजे पावणेनऊ तास. एवढा वेळ सेवा बंद राहिली, तरी वचन पाळले गेले असे समजायचे. ९९.९९ टक्के म्हटले, तर वर्षाला सुमारे ५३ मिनिटे. आणि वचन मोडले तर? भरपाई नाही. पुढच्या बिलात काही टक्क्यांची सूट, तीही बहुधा ग्राहकाने ठरल्या मुदतीत अर्ज करून मागायची. ऐन सणात दुकान बंद पडल्याने तुमचे पाच लाख बुडाले असतील आणि त्या महिन्याचे भाडे वीस हजार असेल, तर सूट त्या वीस हजारांतली. 'तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले' ही म्हण कराराच्या भाषेत लिहिली, तर ती अशीच दिसेल.

बिलाची कथा आणखी विलक्षण आहे. एप्रिल २०२४ मध्ये एका प्रोग्रॅमरने आपला अनुभव जाहीर केला. त्याने ॲमेझॉनवर प्रयोगासाठी एक रिकामी साठवण-पेटी उघडली होती. तिचे नाव योगायोगाने एका लोकप्रिय साधनातील नमुन्याच्या नावाशी जुळले. त्यामुळे जगभरातील अनोळखी यंत्रे तिचे दार ठोठावू लागली. एका दिवसात जवळजवळ दहा कोटी ठोठावण्या! एकालाही आत प्रवेश मिळाला नाही. पण बिल आले तेराशे डॉलरहून अधिक, म्हणजे लाखाहून जास्त रुपये. परक्याने दार वाजवले, तर घरात राहणाऱ्याने पैसे द्यायचे, हा कुठला न्याय? ॲमेझॉनने ते बिल माफ केले आणि बोभाटा झाल्यावर मे २०२४ मध्ये नियमही बदलला. बोभाटा झाला नसता तर?

त्यात बहुतेक दरपत्रकांचा पाया डॉलर. २०१६ साली डॉलर ६७ रुपयांच्या आसपास होता, २०२५ च्या अखेरीस तो ९० च्या आसपास पोहोचला. रुपयांत कमावणाऱ्या नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या छोट्या कंपनीचे भाडे मालकाने एक पैसा न वाढवताही एक तृतीयांशाने वाढले. अंथरूण पाहून पाय पसरायचे, तर अंथरुणाचे माप तरी आपल्या हाती हवे!

प्रवेश मोफत, निर्गमन सशुल्क

या व्यवसायातील सर्वांत धूर्त युक्ती दाराशी आहे. माहिती आत आणायला शुल्क नाही, बाहेर न्यायला मात्र प्रत्येक गिगाबाइटला मोजा. शिवाय प्रत्येक पुरवठादाराची खास साधने, खास नावे, खास पद्धती. एकदा त्यांत सॉफ्टवेअर गुंफले, की सोडून जाणे म्हणजे नव्याने लिहिणे. अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरण्याचे ज्ञान होते, बाहेर पडण्याचे नव्हते. आमचे अभियंते आत शिरण्याच्या परीक्षा देऊन प्रमाणपत्रे मिरवतात, बाहेर पडण्याचे प्रमाणपत्र कोणी दिल्याचे ऐकिवात नाही.

हे कीर्तनकारांना पटत नसेल, तर युरोपचा कायदा वाचावा. युरोपीय संघाचा 'डेटा ॲक्ट' १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला आणि पुरवठादार बदलण्याचे शुल्क जानेवारी २०२७ पासून पूर्णतः बंद होणार, असे त्यात म्हटले आहे. या कायद्याची चाहूल लागताच २०२४ च्या पहिल्या तीन महिन्यांत गुगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनीही कायमचे सोडून जाणाऱ्यांचे निर्गमन शुल्क माफ केले. जे शुल्क काल 'तांत्रिक खर्चापोटी अपरिहार्य' होते, ते कायद्याच्या नुसत्या सावलीने विरघळले. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकानेही जुलै २०२५ च्या निर्णयात या बाजारातील स्पर्धा नीट चालत नसल्याचे नोंदवले. याला आता कोणी मागासलेपण म्हणणार काय?

ज्यांना हिशेब करता आला, ते बाहेर पडलेही. ड्रॉपबॉक्सने आपली साठवण ॲमेझॉनवरून स्वतःच्या यंत्रांवर नेली आणि दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचवल्याचे २०१८ च्या भागविक्रीच्या दस्तऐवजात नमूद केले. 'बेसकँप' बनवणाऱ्या ३७सिग्नल्स या छोट्या अमेरिकन कंपनीचा क्लाउडवरील खर्च २०२२ साली ३२ लाख डॉलर होता. सुमारे सात लाख डॉलरची यंत्रे विकत घेऊन ती बाहेर पडली आणि २०२४ पर्यंत तो खर्च सुमारे १३ लाखांवर आला. सर्वांनाच हे जमेल असे नाही. ज्यांची मागणी दिवसागणिक चढते-उतरते, त्यांना भाडेच परवडेल. पण वर्षानुवर्षे एकसारखे काम असणाऱ्याने, घर बांधणे परवडते की भाडे, हा हिशेब एकदाही मांडू नये, हा शुद्ध आळस झाला.

वाडीनारचा धडा

इथवर प्रश्न पैशाचा होता. जुलै २०२५ मध्ये तो याहून मोठा आहे हे दिसले. गुजरातेतील वाडीनार येथे नायरा एनर्जी या कंपनीचा वर्षाला दोन कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण कारखाना आहे. देशभर तिचे सहा हजारांहून अधिक पेट्रोलपंप आहेत. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा ४९.१३ टक्के हिस्सा असल्याने युरोपीय संघाने १८ जुलै रोजी तिच्यावर निर्बंध घातले. भारत असे एकतर्फी निर्बंध मानत नाही, हे आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने त्याच दिवशी स्पष्ट केले. तरीही काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने नायराच्या कर्मचाऱ्यांची ई-पत्रे आणि टीम्सची सेवा थांबवली. निर्बंध युरोपचे, कंपनी अमेरिकेची, ग्राहक भारतातला, पैसे भरलेले आणि भारतीय कायद्याचा कोणताही भंग नाही! नायराने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. जुलै संपण्यापूर्वी सेवा पूर्ववत झाली. दरम्यान कंपनीला मुंबईच्या रेडिफची पत्रसेवा जवळ करावी लागली.

ज्या कंपनीला दिल्लीत वकिलांची फौज उभी करता येते, तिला काही दिवसांत न्याय मिळाला. पुण्याच्या पंधरा जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीने काय करावे? 'आमचा डेटा तर मुंबईच्याच केंद्रात आहे' हा भ्रमही येथे फोडला पाहिजे. अमेरिकेच्या २०१८ च्या 'क्लाउड ॲक्ट'नुसार तेथील कंपनीच्या ताब्यातील माहिती जगात कोठेही असली, तरी अमेरिकी यंत्रणा ती कायदेशीर आदेशाने मागू शकते. जून २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्ट फ्रान्सच्या अधिकाऱ्याला फ्रेंच सिनेटपुढे शपथेवर विचारण्यात आले : फ्रेंच शासनाच्या संमतीविना ही माहिती अमेरिकेला दिली जाणार नाही, याची हमी देता काय? उत्तर आले : नाही. जी हमी फ्रान्सला नाही, ती भारताला आहे असे समजून झोपी जाणे योग्य नव्हे.

दोष आपलाही

मात्र सारे खापर मालकाच्या माथी फोडून भागणार नाही. २०१४ साली कोड स्पेसेस ही कंपनी बारा तासांत कायमची बुडाली, कारण एका चोराने तिच्या ॲमेझॉन खात्याची किल्ली मिळवली आणि मूळ माहिती व प्रती दोन्ही त्याच एका खात्यात होत्या. गिटलॅबच्या एका अभियंत्याने ३१ जानेवारी २०१७ रोजी चुकून मूळ माहितीचा साठाच पुसला. तेव्हा उघड झाले, की प्रती ठेवण्याच्या पाच पद्धतींपैकी एकही नीट चालत नव्हती. सुदैवाने सहा तासांपूर्वी सहज घेतलेली एक प्रत सापडली. गिटलॅबने सारे जगासमोर उघडपणे मांडले, याबद्दल तिचे कौतुकच केले पाहिजे. पण धडा कडू आहे. पुरवठादारांच्या करारात 'सामायिक उत्तरदायित्व' नावाचे कलम असते. इमारत, वीज, यंत्रे आमची. कुलूप, किल्ली, प्रती तुमच्या. ते वाचण्याचे कष्ट ग्राहकानेच घ्यायचे असतात.

मग करावे काय? कंपनी चालवणाऱ्यांनी एक संपूर्ण प्रत दुसऱ्या पुरवठादाराकडे अथवा स्वतःच्या कपाटात ठेवावी आणि तीतून खरोखर काम उभे राहते का, हे दर तीन महिन्यांनी करून पाहावे. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हेच. मुक्त स्रोताची साधने वापरता येतील तेथे ती वापरावीत, म्हणजे घर बदलताना भिंती खांद्यावर न्याव्या लागत नाहीत. बिलाला मर्यादेचा इशारा लावावा. आणि पहिल्या दिवशीच बाहेर पडण्याची योजना कागदावर लिहावी.

शासनाकडेही मागणे आहे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२३ च्या निर्देशांत बँकांना आणि सेबीने मार्च २०२३ च्या चौकटीत भांडवल बाजारातील संस्थांना, क्लाउड घेताना बाहेर पडण्याची योजना आखणे बंधनकारक केले. उत्तम झाले. पण ज्यांच्यामागे रिझर्व्ह बँक उभी नाही, त्या लहान उद्योगांना निर्गमनाचा हक्क, आगाऊ सूचनेविना सेवा न तोडण्याची हमी आणि भारतीय न्यायालयात दाद हे सारे कोण देणार? युरोपला कायदा करता येतो, तर जगाला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या या देशाला का येऊ नये? आणि भारतीय पुरवठादारांना संधी देताना त्यांच्याकडूनही हीच कठोर वचने लेखी घ्यावीत. स्ट्रासबर्गची राख विसरू नये.

भाड्याने राहण्यात कमीपणा नाही. परंतु भाडेकरूने आपल्या पेटीची किल्ली आपल्या कनवटीला ठेवावी, करार वाचावा आणि दाराचा रस्ता मोकळा ठेवावा, एवढे व्यवहारज्ञान आमच्या आज्यांनाही होते. ज्या दिवशी पुण्या-मुंबईचा अभियंता विक्रेत्याला पहिला प्रश्न 'आत कसे यायचे' याऐवजी 'बाहेर कसे पडायचे' असा विचारेल, त्या दिवशी या मेघाचा मालक त्याच्याशी बरोबरीने बोलू लागेल.